२,१४,७४,८३,६४७ ही संख्या मूळ आहे हे कसे ठरते?

दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस ही दहा अंकी संख्या मूळ आहे, म्हणजे १ आणि ती संख्या स्वतः एवढेच तिचे विभाजक आहेत. लिओनार्ड ऑयलर यांनी १७७२ साली बर्नुली घराण्यातील एका गणितज्ञाला लिहिलेल्या पत्रात हे कळवले, आणि त्यानंतर १८६७ पर्यंत, म्हणजे तब्बल पंचाण्णव वर्षे, मूळ असल्याचे सिद्ध झालेली याहून मोठी संख्या कोणालाच माहीत नव्हती. त्या वेळी ऑयलर सेंट पीटर्सबर्ग येथे राहत होते, त्यांचे वय पासष्टच्या घरात होते आणि त्यांची दृष्टी जवळजवळ पूर्ण गेली होती. आज हेच काम मोबाइल डोळ्याचे पाते लवायच्या आत करतो. तरीही ऑयलर यांनी ते कसे साधले हे पाहण्यासारखे आहे, कारण मोठ्या संख्येविषयीची खात्री तिच्या घडणीतून कशी मिळवता येते हे या एका उदाहरणात फार स्वच्छ दिसते.

ही घडण अशी आहे. २ हा अंक एकतीस वेळा मांडून त्यांचा गुणाकार केला की २,१४,७४,८३,६४८ ही संख्या मिळते. तिच्यातून १ वजा केला की आपली संख्या हाती येते. घात दाखवण्यासाठी ^ ही खूण वापरली तर आपली संख्या २^३१ − १ अशी लिहिता येईल. द्विमान पद्धतीत, म्हणजे केवळ ० आणि १ हे दोनच अंक वापरून लिहिल्यास, ती एका ओळीत एकतीस वेळा १ अशी दिसते. या साच्यातल्या संख्यांना सतराव्या शतकातील फ्रेंच धर्मगुरू आणि विद्वान मारें मर्सेन यांच्या नावावरून मर्सेन संख्या म्हणतात.

मर्सेन संख्या मूळ असायची तर तिचा घातांकही मूळ असावा लागतो. याचे कारण द्विमान पद्धतीत नुसत्या नजरेने समजते. सहा वेळा १ लिहिला, म्हणजे ११११११, तर ती संख्या ६३ होते. तिचे तीन-तीन अंकांचे दोन समान गट पडतात, म्हणून तिला १११ ने, म्हणजे ७ ने भाग जातो. तसेच दोन-दोन अंकांचे तीन समान गट पडतात, म्हणून तिला ११ ने, म्हणजे ३ ने भाग जातो. घातांकाचे असे समान गट पडू शकत असतील तर संख्येचेही अवयव पडतात. ३१ चे समान गट पडत नाहीत, त्यामुळे हा मार्ग इथे बंद होतो. मात्र घातांक मूळ असणे पुरेसे नाही. ११ ही मूळ संख्या आहे, पण २^११ − १ म्हणजे २०४७, आणि २०४७ = २३ × ८९. तेव्हा २^३१ − १ ला अवयव नाहीत हे वेगळे सिद्ध करावेच लागते.

सरळ मार्ग सर्वांना शाळेपासून ठाऊक असतो. एखाद्या संख्येचे दोन अवयव पडत असतील तर त्यांपैकी लहान अवयव तिच्या वर्गमुळापेक्षा मोठा असू शकत नाही, म्हणून वर्गमुळापर्यंतच्या सर्व मूळ संख्यांनी भागून पाहायचे आणि एकानेही भाग गेला नाही तर संख्या मूळ आहे असे जाहीर करायचे. बोलोन्या येथील पिएत्रो कॅटाल्डी यांनी याच रीतीने २^१७ − १ आणि २^१९ − १ या संख्या मूळ असल्याचे दाखवले होते. १६०३ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी पुढे जाऊन २३, २९, ३१ आणि ३७ या घातांकांच्या संख्याही मूळ आहेत असे लिहून टाकले. त्यांतली ३१ ची तेवढी खरी ठरली. २^२३ − १ ला ४७ ने आणि २^३७ − १ ला २२३ ने भाग जातो हे पिएर द फर्मा यांनी १६४० साली दाखवले, तर २^२९ − १ ला २३३ ने भाग जातो हे ऑयलर यांनी शोधले. पुरेशी तपासणी न करता केलेले विधान गणितात किती वर्षे तग धरून राहते याचे हे बोलके उदाहरण आहे, आणि ३१ च्या बाबतीत ऑयलर यांनी इतकी काळजी का घेतली असावी हेही त्यातून समजते.

२^३१ − १ चे वर्गमूळ ४६,३४० आणि ४६,३४१ यांच्या मध्ये येते. ४६,३४० पर्यंत सुमारे ४,८०० मूळ संख्या आहेत. तेवढे भागाकार हाताने करणे अशक्य नाही, पण त्यात एखादी चूक होण्याची शक्यता मोठी, आणि एक चूकही सगळी सिद्धता मोडायला पुरेशी असते. ऑयलर यांनी आधी असा प्रश्न विचारला की या संख्येला अवयव असलाच तर तो कसा दिसेल. लेखाचा गाभा इथे आहे, म्हणून थोडे थांबून पाहू.

वर आलेली २३ ही मूळ संख्या घेऊन २ च्या क्रमाक्रमाच्या घातांना तिने भागत जाऊ आणि फक्त बाकी लिहू: २, ४, ८, १६, ९, १८, १३, ३, ६, १२, १. अकराव्या पायरीवर बाकी १ आली, आणि यापुढे पुन्हा २, ४, ८ असेच चक्र सुरू होते. कोणतीही विषम मूळ संख्या घेतली तरी असे चक्र मिळतेच, फक्त त्याची लांबी बदलते. फर्मा यांच्या एका सुप्रसिद्ध सिद्धांतावरून असे निघते की ही लांबी नेहमी त्या मूळ संख्येपेक्षा १ ने लहान असलेल्या संख्येची विभाजक असते. २३ च्या बाबतीत लांबी ११ आहे आणि ११ ने २२ ला भाग जातो.

आता समजा, कुठल्या तरी मूळ संख्येने २^३१ − १ ला निःशेष भाग जातो. तिला क्ष म्हणू. याचा अर्थ २^३१ ला क्ष ने भागले की बाकी १ उरते. मग बाक्यांच्या चक्राची लांबी ३१ ची विभाजक असली पाहिजे, आणि ३१ मूळ असल्यामुळे ती १ किंवा ३१ एवढीच असू शकते. लांबी १ असेल तर २ ला क्ष ने भागून बाकी १ उरायला हवी, आणि कोणत्याही मूळ संख्येबाबत तसे घडत नाही. म्हणून लांबी ३१ च आहे आणि क्ष वजा १ ला ३१ ने भाग जातो. शिवाय क्ष विषम आहे, त्यामुळे क्ष वजा १ सम आहे. म्हणजे त्याला ६२ नेही भाग जातो. एवढ्या छोट्याशा युक्तिवादाने ३, ५, ७, ११, १३ आणि अशा हजारो मूळ संख्या भागाकार न करताच बाद होतात. ज्यांना ६२ ने भागल्यावर बाकी १ उरते तेवढ्याच संख्या तपासायच्या राहतात.

ऑयलर यांनी याच्यावर आणखी एक चाळणी लावली. २^३१ ची बाकी १ असेल तर २^३२ ची बाकी २ असेल. पण २^३२ हा २^१६ चा वर्ग आहे. म्हणजे क्ष ने भागल्यावर ज्याची बाकी २ उरते असा एक पूर्ण वर्ग अस्तित्वात आहे. ज्या मूळ संख्यांबाबत असा वर्ग मिळतो त्यांना ८ ने भागल्यास बाकी १ किंवा ७ च उरते, हा अंकगणितातला एक सुंदर सिद्धांत आहे. त्याची सिद्धता लांब असल्यामुळे इथे तो तसाच स्वीकारू. दोन्ही अटी एकत्र केल्या की उत्तर असे येते: क्ष ला २४८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३ यांपैकी एक उरलीच पाहिजे.

आता मोजणी करता येते. ४६,३४० पर्यंत या दोन साच्यांत बसणाऱ्या संख्या, १ आणि ६३ सोडल्यास, बरोबर ३७२ आहेत. त्यांतल्या बऱ्याच मूळ नाहीतच: २४९ म्हणजे ३ × ८३, ४९७ म्हणजे ७ × ७१, ५५९ म्हणजे १३ × ४३. अशा सगळ्या वगळल्या की साधारण ऐंशीच्या आसपास संख्या उरतात. त्यांतली पहिली ३११. आपल्या संख्येला ३११ ने भागले तर भागाकार ६९,०५,०९२ येतो आणि बाकी ३५ उरते. पुढची १,३०३; तिने भागल्यास भागाकार १६,४८,१०७ आणि बाकी २२६. मग १,४८९, आणि असेच पुढे. एकाही ठिकाणी बाकी शून्य येत नाही, आणि यादी संपते तेव्हा सिद्धताही पूर्ण होते. सुमारे ४,८०० भागाकारांचे काम ऐंशीच्या आसपास आले, आणि उरलेल्या सगळ्या संख्यांविषयीची खात्री भागाकार न करता, निव्वळ तर्काने मिळाली. या तर्काचा पडताळा वर आलेल्या अवयवांवर घेऊन पाहावा: २३ आणि ८९ यांतून १ वजा केल्यास दोहोंना २२ ने भाग जातो, २३३ मधून १ वजा केल्यास त्याला ५८ ने भाग जातो. मला स्वतःला या सगळ्या प्रकरणातला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

या शोधातून आणखी एक गोष्ट आपोआप सिद्ध झाली. ज्या संख्येच्या स्वतःखेरीज इतर सर्व विभाजकांची बेरीज तिच्याएवढीच होते तिला परिपूर्ण संख्या म्हणतात; उदाहरणार्थ २८ = १ + २ + ४ + ७ + १४. मर्सेन मूळ संख्येला तिच्याहून किंचित मोठ्या असलेल्या २ च्या घाताच्या निम्म्याने गुणले की परिपूर्ण संख्या मिळते, हे युक्लिडच्या काळापासून ज्ञात आहे: ७ ला ४ ने गुणा, २८ मिळतात. प्रत्येक सम परिपूर्ण संख्या याच साच्यात बसते हे ऑयलर यांनी सिद्ध केले होते. त्यामुळे २^३१ − १ मूळ ठरताच तिला २^३० ने गुणून येणारी २३०५८४३००८१३९९५२१२८ ही एकोणीस अंकी परिपूर्ण संख्या हाती आली. इंग्रज गणितज्ञ पीटर बार्लो यांनी १८११ साली असे लिहून ठेवले की याहून मोठी परिपूर्ण संख्या कधीच सापडणार नाही, कारण या संख्या केवळ कुतूहलाच्या आहेत, त्यांचा उपयोग काही नाही, तेव्हा पुढची शोधण्याच्या भानगडीत कोणी पडणार नाही. कुतूहलाला इतके कमी लेखणे योग्य नव्हते. १८७६ साली एदुआर लुका यांनी २^१२७ − १ ही एकोणचाळीस अंकी संख्या मूळ असल्याचे दाखवले, आणि तिच्यासोबत आपोआप सत्त्याहत्तर अंकांची परिपूर्ण संख्याही आली.

एकोणचाळीस अंकी संख्येला ऑयलर यांची रीत पुरी पडत नाही. चाळण्या लावूनही उरणारे भागाकार कोणत्याही माणसाच्या आवाक्याबाहेरचे आहेत. लुका यांनी भागाकार सोडूनच दिला. त्यांच्या कसोटीला १९३० साली डेरिक हेन्री लेमर यांनी आजचे सोपे रूप दिले. ४ पासून सुरुवात करायची. हाती असलेल्या संख्येचा वर्ग करून त्यातून २ वजा करायचे. उत्तराला तपासायच्या मर्सेन संख्येने भागून बाकी तेवढी ठेवायची. आणि हीच क्रिया घातांकापेक्षा दोनने कमी इतक्या वेळा करायची. शेवटी बाकी शून्य आली तर संख्या मूळ, नाही तर संयुक्त. २^५ − १ = ३१ वर करून पाहू. घातांक ५, म्हणून तीन पायऱ्या. ४ चा वर्ग १६, वजा २, म्हणजे १४. १४ चा वर्ग १९६, वजा २, म्हणजे १९४. ३१ ने भागून बाकी ८. ८ चा वर्ग ६४, वजा २, म्हणजे ६२; ३१ ने भागून बाकी शून्य. म्हणून ३१ मूळ. २^३१ − १ साठी अशा एकोणतीसच पायऱ्या लागतात. ही कसोटी केवळ मर्सेन संख्यांना लागू पडते, आणि म्हणूनच सर्वांत मोठ्या ज्ञात मूळ संख्यांच्या यादीत त्या बहुतेक वेळा वर असतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली २^१३६२७९८४१ − १ ही मर्सेन मूळ संख्या ४,१०,२४,३२० अंकांची आहे. कोणत्याही साच्याची संख्या मूळ आहे की नाही हे खात्रीने आणि तत्त्वतः वेगाने ठरवणारी रीत २००२ साली कानपूरच्या आयआयटीतील मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी दिली. ती सिद्धांताच्या दृष्टीने फार मोठी घटना होती, पण मर्सेन संख्या मूळ असल्याची शेवटची खात्री आजही लुका आणि लेमर यांच्याच कसोटीने करून घेतली जाते.

लेमर यांचे नाव आपल्या संख्येशी आणखी एका बाजूने जोडलेले आहे. यादृच्छिक भासणाऱ्या संख्या संगणकाकडून काढून घेण्याची एक साधी रीत त्यांनी १९५१ साली प्रसिद्ध केली: आधीच्या संख्येला एका ठरावीक गुणकाने गुणायचे, एका ठरावीक संख्येने भागायचे आणि बाकी ही पुढची संख्या धरायची. पुढे या रीतीत भाजक म्हणून २^३१ − १ आणि गुणक म्हणून १६,८०७, म्हणजे ७ चा पाचवा घात, ही जोडी १९६० च्या दशकाअखेरीस आयबीएमच्या संगणकांवर वापरली गेली, आणि १९८८ साली पार्क आणि मिलर यांनी किमान दर्जाचे प्रमाण म्हणून तिचीच शिफारस केली. १ पासून सुरुवात केल्यास १६,८०७, मग २८,२४,७५,२४९, मग १,६२,२६,५०,०७३ अशा संख्या मिळतात. भाजक मूळ असल्यामुळे बाकी शून्य कधीच येत नाही. आणि गुणक नीट निवडलेला असल्यामुळे १ पासून २,१४,७४,८३,६४६ पर्यंतची प्रत्येक संख्या एकेकदा आल्यावरच चक्र पुन्हा सुरू होते. त्यातच या भाजकाने बाकी काढणेही संगणकाला सोपे जाते. एखाद्या संख्येला ९ ने भागल्यावर काय उरेल हे तिच्या अंकांच्या बेरजेवरून कळते, कारण १० ला ९ ने भागून बाकी १ उरते. त्याच न्यायाने २^३१ ला आपल्या संख्येने भागून बाकी १ उरते, म्हणून मोठ्या संख्येचे एकतीस-एकतीस द्विमान अंकांचे तुकडे पाडून त्यांची बेरीज केली की काम भागते. आजच्या गरजांना हे चक्र अपुरे आहे आणि गुप्त संदेशांसाठी ही रीत वापरू नये, कारण एक संख्या कळली की पुढच्या सगळ्या काढता येतात.

संगणकाच्या जगात ही संख्या दुसऱ्याच कारणाने अधिक परिचित आहे. बत्तीस बिटांपैकी, म्हणजे बत्तीस द्विमान अंकांच्या जागांपैकी, एक बिट धन-ऋण चिन्हासाठी राखून ठेवला की उरलेल्या एकतीस बिटांत मावणारी सर्वांत मोठी संख्या हीच. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद अशा बत्तीस बिटांत मोजणाऱ्या प्रणालींचे मोजमाप १९ जानेवारी २०३८ रोजी, भारतीय वेळेप्रमाणे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी, याच संख्येपाशी संपते. तिथे तिच्या मूळ असण्याचा काही संबंध नाही. सोळा बिटांची अशीच कमाल संख्या ३२,७६७ आहे आणि ती ७ × ३१ × १५१ अशी फुटते. चौसष्ट बिटांची २^६३ − १ आहे आणि तिलाही ७ ने भाग जातो. १५ आणि ६३ हे घातांक मूळ नाहीत, एवढेच त्याचे कारण. याउलट आठ बिटांची १२७, बत्तीस बिटांची २^३१ − १ आणि एकशे अठ्ठावीस बिटांची २^१२७ − १ या तिन्ही मूळ आहेत.

या तिघींचे घातांक ७, ३१ आणि १२७ हे स्वतःही मर्सेन मूळ संख्या आहेत. मर्सेन मूळ संख्या घातांक म्हणून वापरावी आणि पुन्हा मर्सेन मूळ संख्या मिळावी, असे फक्त चार वेळा घडल्याचे माहीत आहे: घातांक ३, ७, ३१ आणि १२७. साहजिकच पुढचा प्रश्न असा येतो की आपलीच संख्या घातांक म्हणून घेतली तर काय होईल. २ चा २,१४,७४,८३,६४७ वा घात वजा १ ही संख्या चौसष्ट कोटींहून अधिक अंकांची आहे, पण तिचे उत्तर मिळालेले आहे: तिला २९५२५७५२६६२६०३१ या पंधरा अंकी संख्येने भाग जातो. या विभाजकातून १ वजा केला की उरलेली संख्या म्हणजे आपल्या संख्येच्या दुपटीची ६८,७४५ पट भरते, म्हणजे ऑयलर यांनी वापरलेली पहिली चाळणी इथेही तंतोतंत लागू पडते. २^१२७ − १ हीच घातांक म्हणून घेतली तर मात्र मिळणारी संख्या इतकी प्रचंड आहे की तिच्यात किती अंक आहेत हे लिहायलाच अडतीस अंक लागतात. तिथे लुका-लेमर कसोटी चालवणे शक्य नाही. अवयव शोधायचा एकच मार्ग उरतो आणि तोही त्याच चाळणीचा: २^१२७ − १ च्या दुपटीच्या पटींमध्ये १ मिळवत जायचे आणि भाग जातो का ते पाहायचे. आजवर त्या मार्गाने एकही विभाजक सापडलेला नाही, आणि ती संख्या मूळ आहे की संयुक्त हे ठरलेले नाही.